तुसाखाली काय होतं

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. बायको असती तर तिच्याजवळ कदाचित काढलं असतं, पण ती त्याआधीच गेली. पोराजवळ नाही, भावाजवळ नाही, चहाच्या टपरीवर तर नाहीच. दोन-तीनदा सांगायला बसलो होतो — नाही असं नाही — पण समोर ओळखीचं तोंड दिसलं की माझी जीभ आपोआप दुसरीकडं वळते. कालव्याला पाणी कधी सुटणार, उजनीत साठा किती झाला, कुठंही वळते. तुमचं तोंड मला दिसत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

गोष्ट कोंबड्यांची आहे. कोंबड्यांच्या पायाखाली काय अंथरायचं, याची. हसलात तरी चालेल, मीही सुरुवातीला हसलोच होतो. एवढ्याशा गोष्टीवरून चांगल्या चौसष्ट वर्षांच्या, नात मांडीवर खेळवणाऱ्या माणसाच्या हातून असं काही व्हावं — मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी कळसचा. इंदापूर तालुक्यातला. शेती बेताची, म्हणून एका साखर कारखान्यात नोकरी केली, एकतीस वर्षं, सगळी बगॅसच्या यार्डात. रस काढून झाल्यावर उसाचा जो भुसा उरतो तो बगॅस. कारखान्याच्या मागं त्याचा डोंगर होतो, तिथून तो बॉयलरला जातो. त्या डोंगराचा मी मुकादम. लोकांना तिथं नाक धरावंसं वाटायचं, मला मात्र तो आंबूस-गोड वास घरच्यासारखा वाटायचा. आणि त्या डोंगराच्या पोटात काय चाललंय, ह्याचं मला भारी कुतूहल. वरून गार, पण आत लोखंडी गज खुपसून तासाभरानं काढला की हाताला चटका बसायचा. का? आग तर नाही, मग कोण तापवतं? पावसाळ्यात वरचा थर बाजूला केला की आत पांढरी-हिरवी जाळी धरलेली असायची. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

ही माझी जुनी खोड. बंद घड्याळ दिसलं की उघडायचं. चालू दिसलं तरी उघडायचं. बायको म्हणायची, ह्यांना नाक खुपसल्याबिगर जेवण जात न्हाय. दत्ता, माझा मुलगा, ह्या बाबतीत माझ्यावर गेलाच नाही. त्याला गाडीचा पेट्रोलचा काटा चालत नसेल तर तो म्हणतो, चालत नाही तर नाही, आपण पेट्रोल तर टाकतोय ना! असा माणूस.

पण त्याची बायको आली आणि घरात माझ्यासारखं डोकं आलं. अश्विनी. माहेर डाळजचं. लग्न होऊन महिना झाला नसेल, मला म्हणाली, "तात्या, एक इचारू का? मुंग्या पाऊस यायच्या आदी अंडी वर नेत्यात, त्यांना कोण सांगतं?" मी सासरा, ती नवी सून, डोक्यावर पदर. आणि आम्ही दोघं मागच्या बांधावर उकिडवे बसून मुंग्या बघत होतो. दत्ता म्हणाला, झालं, आता दोन झाली. मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी.

पुढं नात झाली, आणि ती चालायला लागल्यावर अश्विनीनं बारामतीला जाऊन कुक्कुटपालनाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. वही भरून आणली. घरामागं पत्र्याचं शेड उभं राहिलं, गावरान जातीची सुधारित पिल्लं आणायची ठरली. बाकी सगळं दत्तानं केलं — पाणी, लाईट, जाळी. पण शेडात अंथरायचं काय आणि ते साफ कसं ठेवायचं, हा भाग तिनं कुणाला हात लावू दिला नाही. म्हणायची, कोंबडी दिवसभर काय खाते त्यापेक्षा ती दिवसभर कशावर उभी राहते ते मोठं.

आमच्याकडं कोंबड्यांचं खुराडं म्हणजे सकाळी झाडायचं, राख टाकायची, संपलं. तिनं सांगितलं, आता झाडायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे घाणीतच ठेवायच्या? तर म्हणाली, गादी करायची. चांगला तीन बोटं थर द्यायचा, कोंबड्यांची शिट त्यातच पडू द्यायची, रोज दाताळ्यानं खालीवर करायचं, मधूनमधून चुना भुरभुरायचा, आणि पाण्याच्या भांड्याखाली जिथं ओलं होईल तेवढं उचलून टाकायचं. बाकी गादी आपलं आपण पचवते. वास येत नाही, तळाला ऊब राहते. शेजारपाजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला मात्र पटकन पटलं. अहो, हे तर माझ्या बगॅसच्या डोंगरासारखंच झालं! आत काहीतरी काम चालू असतं, फक्त दिसत नाही.

मग प्रश्न आला, गादी कशाची? आणि इथूनच माझं चुकायला लागलं.

अश्विनीनं ओट्यावर चार घमेली मांडली. एकात भाताचा तूस, एकात सुतारमेटातला लाकडाचा भुसा, एकात भुईमुगाची टरफलं. चौथं माझ्या हट्टानं — बगॅस. प्रत्येकात एक-एक तांब्या पाणी ओतलं आणि आम्ही बघत बसलो. काय मजा आली होती म्हणून सांगू! बगॅसनं सगळं पाणी गटकन पिऊन टाकलं. तुसाच्या तळाशी अजून पाणी दिसत होतं. मी म्हटलं, "बघ! पैलवान हाय आपला." भात आपल्याकडं कुठं पिकतो? तूस आणायचा तर भोर-मावळाकडून येणाऱ्या ट्रकची वाट बघायची. आणि बगॅस इथं घराच्या अंगणात. मला वाटलं, निकाल लागला.

ती म्हणाली, "पितो, पण सोडतो का बघू." तीन दिवस घमेली तशीच ठेवली. तूस वाळून खुळखुळायला लागला. लाकडाचा भुसा जवळजवळ वाळला. बगॅस वरून कोरडा होता. तिनं बोट घालून खालचा थर उलटला आणि आत हिरवट जाळी. तिनं ते घमेलं माझ्यासमोर धरलं आणि हसत म्हणाली, "तात्या, तुमच्या कारखान्याचं पोरगं नापास झालं."

दत्ता हसला. दूध घालायला आलेली शेजारची शांताबाई हसली. मीही हसलो. ह्यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. ती मला चिडवायची, मी तिला चिडवायचो, रोजचंच होतं ते. पण एकतीस वर्षं ज्याच्यावर उभा राहिलो, त्याला कालच्या पोरीनं तीन दिवसांत नापास केलं — आणि बरोबर केलं — हे मला लागलं. किती लागलं ते मला त्या दिवशी कळलंसुद्धा नाही. मी चहा पिऊन नातीला घेऊन मारुतीच्या देवळाकडं गेलो.

तुसाचा ट्रक आला. अश्विनीनं तो चार दिवस ताडपत्रीवर उन्हात घातला, सकाळ-दुपार खालीवर केला. शेडाला चुना मारला. पिल्लांसाठी पत्र्याची दोन गोल कडी केली, एक पूर्वेच्या भिंतीकडं, एक पश्चिमेकडं. पहिले काही दिवस पिल्लं अशा कड्यात ठेवतात, मध्ये ऊब द्यायला बल्बची छत्री टांगलेली. एकेका कड्यात अडीचशे. पिल्लं यायला तीन दिवस होते आणि डाळजला तिच्या चुलतबहिणीचा साखरपुडा निघाला. जाऊ की नको, जाऊ की नको. मीच म्हटलं, "जा की. तूस वाळलाय, पोती भरून ठेवलीत, अंथरायचं तर काम हाय. मी अंथरतो." तिनं मला दोनदा सगळं समजावून सांगितलं. थर किती, भिंतीकडं किती, वर कागद कसा टाकायचा. मग गेली. दत्ताही सोडायला गेला.

आता सांगतो. नाही — आधी हे सांगू द्या की तो बगॅस मी ती डाळजला गेली म्हणून आणला नव्हता. तो आधीच, आठवड्याभरापूर्वी, यार्डातल्या जुन्या जोडीदाराकडून दोन पोती आणून गोठ्यात ठेवला होता. कशाला आणला होतास म्हणाल तर... बघा, परत जीभ वळायला लागली.

मी पूर्वेच्या कड्यात खाली बगॅस अंथरला. दोन बोटं. एक दिवस उन्हात घातला होता, वरून हाताला सुका लागत होता. आत ओल होती का? मी बघितलं नाही. जो माणूस चालू घड्याळ उघडून बघतो, त्यानं पोत्यात हात घालून बघितलं नाही. त्यावर बोटभर तूस पसरला. वरून कुणालाही कळलं नसतं. पश्चिमेच्या कड्यात तिनं सांगितल्याप्रमाणे नुसता तूस, चांगला तीन बोटं. मग दोन्हींवर कागद. आणि मी दारात उभा राहून बघितलं, दोन्ही कडी अगदी सारखी दिसत होती. मला कसलं समाधान वाटलं होतं माहितीये?

कित्येकदा स्वतःला सांगितलंय, मला फक्त बघायचं होतं. कुठली पिल्लं चांगली होतात ते. पण मग उघड का नाही केलं? एका खोक्यात दहा पिल्लं बगॅसवर ठेवतो म्हटलं असतं, तर अश्विनीनं स्वतः खोकं आणून दिलं असतं. वहीत पान आखलं असतं. माझ्यापेक्षा तिलाच जास्त उत्सुकता वाटली असती! म्हणजे मला नुसतं बघायचं नव्हतं. मला महिन्याभरानं तिच्यासमोर वरचा तूस बाजूला करून म्हणायचं होतं, बघ, खाली कोण होतं? दत्तासमोर, शांताबाईसमोर. ते वाक्यसुद्धा मी मनात तयार करून ठेवलं होतं.

पिल्लं आली. तुम्ही कधी एक दिवसाची अडीचशे पिल्लं एकत्र बघितलीत का? बघावीत. बल्बखाली जमतात, ऊब जास्त झाली की कड्याला पांगतात, कमी झाली की एकमेकांवर चढतात. अश्विनी आणि मी पाटावर बसून तासन्‌तास बघायचो. कागद काढल्यावर पिल्लं पायानं तूस उकरायला लागली. आईनं शिकवलेलं नाही, कोंबडी कशी असते हे त्यांनी आयुष्यात बघितलेलंच नाही, तरी उकरतात. "आतनंच येत असंल का हे, तात्या?" अश्विनी विचारायची. मी मान डोलवायचो. पण माझे डोळे पूर्वेच्या कड्यावर. आणि खोटं कशाला सांगू — पहिले चार दिवस पूर्वेची पिल्लं जास्त चपळ वाटायची मला. आतून गुदगुल्या व्हायच्या.

पाचव्या दिवशी त्यातलं एक चोच उघडून उभं होतं. मान वर, चोच उघडी, श्वास घेतंय असं दिसत होतं पण आवाज नाही. सर्दी झालेलं पिल्लू खरखरतं, हे काहीच करत नव्हतं. दुपारपर्यंत अशी आठ-दहा झाली. संध्याकाळी त्यातली चार मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस. अश्विनी वेडीपिशी झाली. पडदे बघ, बल्ब बघ, पाणी बदल. आणि सारखी म्हणत होती, "पूर्वेलाच का? पश्चिमेला एक बी न्हाय. पूर्वेलाच का, तात्या?"

मला कळलं होतं का? हो. पहिलं पिल्लू चोच उघडून उभं राहिलं तेव्हाच. मी खाली वाकून बोटानं तूस बाजूला केला होता. तोच आंबूस वास, पण आता त्यात कुबट काहीतरी मिसळलेलं. पाण्याच्या भांड्याखाली हिरवं. उकरून उकरून पिल्लांनी ते सगळं वर आणलं होतं आणि श्वासात घेतलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं लिहून उपयोग नाही. पूर्वेची मरतायत आणि पश्चिमेची दाणे टिपतायत, हे बघताना मला भीती वाटत होती, लाज वाटत होती. पण त्याच वेळी माझ्या आत कुणीतरी म्हणत होतं — अरे, उत्तर मिळालं. आईशप्पत, असं म्हणत होतं. मी ती पिल्लं मरताना बघत होतो आणि कशी मरतात हे लक्षात ठेवत होतो. असा माणूस आहे मी.

अश्विनी जनावरांच्या डॉक्टरला आणायला दत्ताच्या गाडीवर गेली, तशी मी घमेलं आणि दाताळं घेतलं. पूर्वेच्या कड्यातली जिवंत पिल्लं खोक्यात काढली आणि सगळी गादी, तूस-बगॅस एकत्र, खरवडून बाहेर काढली. उकिरड्यामागं नेऊन पेटवून दिली. बगॅस चांगला पेटतो, बॉयलरलाच जातो ना तो. ती दोघं डॉक्टरला घेऊन आली तेव्हा मी घामानं निथळत फरशीवर चुना टाकत होतो.

"तात्या, तुमी कशाला केलं ह्या उन्हात!" अश्विनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "रोगट गादी हाय, आधी बाहीर काढलेली बरी." डॉक्टर म्हणाले, बरं केलंत, स्वच्छता महत्त्वाची. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू कापून दाखवलं. फुप्फुसात पिवळट दाणे. म्हणाले, ही बुरशी, गादीतून आलेली. तूस ओला होता तुमचा. अश्विनी म्हणाली, न्हाय डॉक्टर, मी स्वतः चार दिवस उन्हात घातला होता. डॉक्टरांनी मान हलवली, वाद घातला नाही. रोज शंभर लोक त्यांना हेच सांगत असणार. दत्ता म्हणाला, "तुला वाटलं असंल वाळला म्हणून." ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिनं तो प्रश्न विचारला. अजून माझ्या कानात आहे. डोकं शाबूत असलेल्या माणसानंच विचारावा असा सरळ प्रश्न.

"एकाच ट्रकातला तूस. एकाच ताडपत्रीवर वाळवला. मग पश्चिमेला का न्हाय?"

डॉक्टर हात धुवायला लागले. मी बोललो नसतो, तर ती तिथंच थांबली नसती हो. ती शोधत गेली असती. उकिरड्यामागची राख उकरली असती, मला विचारलं असतं की अंथरताना काय काय केलंत. मी तिला ओळखत होतो. म्हणून मी बोललो.

मी म्हटलं, "पोरी, पूर्वेला टाकलेलं पोतं तळातलं असंल. जमिनीची ओल लागली असंल. वरून हात लावला की कळत न्हाय. हुतं असं."

एवढंच. चार वाक्यं. शांतपणे, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

तिनं विचार केला. मला दिसत होतं, ती विचार करत होती. मग म्हणाली, "व्हय. मी पोत्याच्या तळापर्यंत बघितलंच न्हाय." डॉक्टर म्हणाले, बघा, असंच होतं. आणि तिनं मान खाली घातली. बारामतीहून भरून आणलेली वही, चार घमेली, चार दिवसांचं ऊन — ह्या सगळ्यावर माझी ती चार वाक्यं पडली आणि तिनं ती खरी मानली, कारण ती मी बोललो होतो.

एकशे एकोणचाळीस पिल्लं गेली. हा आकडा तिला पाठ आहे. उरलेली तिनं वाढवली, नीट वाढवली, गादीला कधी वास येऊ दिला नाही. कोंबड्या विकल्या गेल्या आणि मग तिनं शेड बंद केलं. दत्ता म्हणाला, घे की परत, होतं एखाद्या वेळी. म्हणाली, मला न्हाय जमायचं. आता त्या शेडात ठिबकच्या नळ्या आणि खताची पोती आहेत. पाच वर्षं झाली.

कोंबड्या गेल्या तर गेल्या, माणूस दुसरं काही करतो. पण ती विचारेनाशी झाली. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. गव्हात किडा झाला तर ती कुठून आला हे बघत नाही, उन्हात टाकते. नातीनं विचारलं, "आई, गोगलगाईला पाय का नसत्यात?" तर म्हणाली, "तात्यांना इचार, मला काय कळतंय." आणि पापड, कुरडया, हळद, काहीही वाळत घातलं की अजून मला हाक मारते. "तात्या, जरा बघता का हात लावून, वाळलंय का?" कुरडई हातात मोडून कटकन आवाज आला तरी. पाच वर्षं मी हात लावून सांगतोय, वाळलंय पोरी. मी तिचं काय केलं हे मला त्या प्रत्येक वेळी कळतं आणि मी माघारी येऊन खुर्चीत बसतो.

मग सांगत का नाहीस? तुम्ही विचारणारच. मीही विचारतो. आधी वाटायचं, ती चिडेल, घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आता तेही वाटत नाही. ती चिडायचीच नाही कदाचित. ती फक्त विचारेल, का? आणि त्यावर माझ्याकडं एवढंच आहे, की तू बरोबर होतीस आणि मला ते सहन झालं नाही.

गेल्या आठवड्यात कन्हेरीहून दोघी बाया आल्या होत्या. एक अश्विनीच्या बरोबर प्रशिक्षणाला होती. बचत गटातून शेड टाकणार आहेत, गादी कशी करायची ते विचारायला मुद्दाम बस बदलून आल्या होत्या. वर्गात तुलाच सगळ्यात जास्त कळायचं, असं ती बाई म्हणाली. अश्विनी हसली. म्हणाली, "मला नगा इचारू बाई. माझ्या हातनं मेल्यात पिल्लं. तात्यांना इचारा, त्यांना म्हाईत हाय." आणि चहा टाकायला आत गेली.

आणि मी सांगितलं. तूस किती दिवस वाळवायचा, थर किती, भांड्याखालचं ओलं कधी उचलायचं, चुना किती भुरभुरायचा, दाताळं कसं फिरवायचं. सगळं अश्विनीचं. तिनंच मला शिकवलेलं, शब्द न्‌ शब्द तिचा. त्या दोघी वहीत लिहून घेत होत्या. म्हणाल्या, तात्या, किती नीट सांगता तुमी. त्यातली धाकटी म्हणाली, आमच्याकडं बगॅस फुकट मिळतो, तो टाकला तर?

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आजिबात नगा. वरून सुका लागतो, आत बुरशी धरतो. पिल्लं चोच वासून मरत्यात, आवाज बी करत न्हायती."

अश्विनी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवला. त्या दोघींच्या हातात कप दिले, मग माझ्या. आणि माझ्याकडं बघितलं — पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत ती जुनी मुंग्यांवाली चमक दिसली मला. चौकशीची.

"तात्या," ती म्हणाली, "बगॅसवरची पिल्लं आवाज करत न्हायती, हे तुमाला कुठं कळलं?"

मी कपातल्या चहावर फुंकर मारली. त्या दोघी माझ्याकडं बघत होत्या. ती वाट बघत होती, घाई न करता, जशी घमेल्यांपुढं बसायची.

मी म्हटलं, "कारखान्यावर कुणीतरी सांगितलं हुतं."

"हां," ती म्हणाली. मग चमक गेली. मला ती जाताना दिसली. ट्रे उचलून ती आत गेली, आणि त्या दोघींनी माझं ते वाक्यही वहीत लिहून घेतलं.